ठेवणीतले तीन व्हॉल्व्ह

सोलापूर,
८ मार्च

प्रिय तेजू,

सोळा तारखेला, सोमवारी, सकाळी अकरा वाजता तुला होटगी रोडच्या त्या नकाशा कंपनीत पुन्हा मुलाखतीला बोलावलं आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण माझं पत्र तू पुरतं वाचशील की नाही याचा मला भरवसा नाही. फोन तर तू उचलत नाहीसच. उचललास तर बरी आहे, जेवले, ठेवते, एवढंच. त्यांचा मेल येईल तुला, आणि तो तू उघडून तसाच बंद करशील, हेही मला ठाऊक आहे. म्हणून कागद. कागद बंद करता येत नाही, फाडावा लागतो, आणि आईचं पत्र फाडायला तुझा हात धजायचा नाही.

चौथीनंतर एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही. हजेरीची सही आणि पाणी सोडल्याची वेळ, एवढंच माझं लिहिणं. आज तिसरा दिवस आहे या पत्राचा. चुका दिसतील त्या मनात दुरुस्त करून घे, मला कळवू नकोस. शेजारच्या बाळाबाईनं विचारलं, काय गं, कोर्टाचं काम काढलंस काय. म्हटलं, तसंच समज. इकडं ऊन आत्ताच लई चढलंय. दहाच्या पुढं व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी हातात धरवत नाही, फडकं गुंडाळावं लागतं. आपल्या गल्लीचा पाण्याचा दिवस परवा आहे, आणि तू नसल्यामुळं दोन घागरी कमी भरते, बाकी काही बदललेलं नाही.

तुझ्या तिन्ही मुलाखती मला पाठ आहेत. तू सांगितलंस तेवढ्या, आणि सांगितलं नाहीस तेवढ्याही. पहिली पुण्याची, काचेच्या इमारतीतली. एका खोलीत नऊजण बसले होते आणि तुझ्या चपलेचा अंगठा सुटला होता, तो तू पायानं दाबून धरला होतास. त्यांनी विचारलं, रस्त्याची रेघ आणि प्लॉटची रेघ एकमेकीवर चढली तर काय करशील. ते तुला आलं. मग विचारलं, भूगोल शिकलात तर शाळेत मास्तरीण का नाही झालात. ते तुला आलं नाही, कारण त्याला उत्तरच नव्हतं. दुसरी हैदराबादची, कॉम्प्युटरवरची. मी उंबऱ्यावर बसून राखण केली होती. बाळाबाई लसूण मागायला आली, तिला नुसत्या हातानं परत पाठवलं. आतून त्या माणसाचा आवाज येत होता, उन्हातान्हात हिंडायचं काम आहे, घरचे सोडतील का. तू गोड आवाजात हो म्हणालीस. मला वाटलं उठावं, आत जावं आणि त्या पडद्यासमोर उभं राहून सांगावं की हिची आई सहा वर्षं उन्हात लोखंड फिरवते, तिला कुणी सोडलं नव्हतं, ती आपणहून गेली. गेले नाही. जायला पाहिजे होतं. नाहीतरी त्यांनी तुला घेतलं नाहीच.

तिसरीचं मात्र सगळं लिहिणार आहे. कंटाळा करू नकोस.

ही होटगी रोडची कंपनी आपल्याकडच्या पाण्याच्या पाइपांचा नकाशा करायला आली. तू म्हणालीस, अर्जाबरोबर स्वतःचं काहीतरी काम जोडायचं असतं, आणि पावसाचे नकाशे सगळेच जोडतात, मी आपल्या भागातल्या व्हॉल्व्हचा जोडते. दिवाळी झाल्यावर नऊ दिवस आपण दोघी हिंडलो. मी खांद्यावर चावी घेऊन पुढं, तू मोबाईल आणि वही घेऊन मागं. तुझे अप्पा बावीस वर्षं ज्या वाटेनं चावी घेऊन हिंडले, आणि ते गेल्यावर मी हिंडते आहे, तीच वाट. मी चावीचं टोक जमिनीला लावून म्हणायची, हितं हाय. तू मोबाईल त्यावर धरायचीस, आतला जागेचा आकडा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखायचीस आणि टिंब टाकायचीस. डांबराखाली गाडलेले, कुणाच्या ओट्याखाली गेलेले, गाडीतळात बुजलेले. एक्याऐंशी टिंबं झाली. मी म्हटलं नंबर घाल, तू म्हणालीस नको, ज्याला जे म्हणतात तेच घालते. लिंबाखालचा, गिरणीचा, मडिवाळप्पाच्या दारातला. रात्रंदिवस आपल्या तोंडात असलेली नावं इतकी नीट अक्षरात मी पहिल्यांदा बघितली. खरं सांगते, त्या दिवशी भाकरी करपली माझी.

मुलाखतीला हृषीकेश म्हणून साहेब होते आणि वैदेही म्हणून मॅडम. नकाशा त्यांना आवडला. डांबराखालचे व्हॉल्व्ह कसे सापडले म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, प्रत्यक्ष सर्व्हे करून. माझं नाव घेतलं नाहीस. त्याचं मला काही नाही. थोडं आहे. मग साहेब म्हणाले, चला, बघू या, आणि तुला गाडीत घालून आपल्या भागात घेऊन आले. पहिलं टिंब बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याला त्यांनी लाइनीच्या अगदी टोकाचा निवडला, कारण पाणी शेवटच्या गल्ल्यांकडं कसं वळतं ते त्याच्यावरच ठरतं. माणूस लावून गुडघाभर खणलं. पांढरा मुरूम निघाला. साहेब म्हणाले, टिंबं घरी बसून टाकलीत का. तू म्हणालीस, नाही सर, प्रत्येक ठिकाणी मी स्वतः उभी होते. ते म्हणाले, एक बनवलेलं असेल तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा. आणि मुलाखत संपली.

पाच वाजता तू घरी आलीस. बुटाला मुरूम लागला होता. तू बूट काढता काढता म्हणालीस, "आई, तिथं नुसती माती निघाली."

मी चुलीकडं तोंड करून होते. मी म्हटलं, "मोबाईल हालला असंल तुझा."

एवढंच बोलले मी. आणि तू ते खरं मानलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाबाई सांगत आली की तुझी पोरगी तिकडं कोपऱ्यावर एकटीच उन्हात मोबाईल धरून उभी आहे, तासभर झाला, मधेच दोन पावलं सरकते, परत धरते, वहीत लिहिते. मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. उठले नाही. आठवड्यानं तू पुण्याला गेलीस, पार्सलच्या ऑफिसात पत्ते टाइप करायला लागलीस आणि मला म्हणालीस, आई, माझा हात स्थिर नाही, हे काम माझं नाही.

आता माझी मुलाखत ऐक.

व्हय, मीही दिली. तुझ्यासाठी गेले नव्हते, उगाच माझी आरती ओवाळू नकोस. माझ्यासाठी गेले. आपला दिपक चिंचोळी एमआयडीसीतनं येताना घरी आला होता, त्यानं मोबाईलवर दाखवलं, आत्या, त्या कंपनीला रस्त्यावर हिंडणारी माणसं पाहिजेत, भागाची माहिती असलेली, शिक्षणाची अट नाही. मी विचार केला, यांचा नकाशा पुरा झाला की ठेकेदार आबासाहेब कुणाच्याही हातात चावी देईल. दार बंद व्हायच्या आत आपण आतल्या बाजूला असलेलं बरं. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्यासमोर त्या कंपनीचं नाव काढायची माझी छाती नव्हती.

चावी घेऊन गेले. कामाचा पुरावा म्हणून दाखला मागतात, माझा दाखला तोच. वॉचमननं ती दाराशी ठेवून घेतली. वर वीसेक पोरं फाइली घेऊन बसलेली. त्यातल्या एकानं मला विचारलं, मावशी, प्यायचं पाणी कुठाय. म्हटलं, सांगते बाबा, आधी माझी मुलाखत होऊ दे. तो लाजून उठला आणि खुर्ची दिली. फॉर्मवर शिक्षणात चौथी लिहिलं. अनुभवात सहा वर्षं लिहिलं आणि शेजारी, नवऱ्याची बावीस, असंही लिहिलं, कारण ती मी घरात बसून केलेली आहेत. येणाऱ्या भाषा विचारल्या होत्या, तितं मराठी, कानडी, आणि भांडणापुरती तेलुगू लिहिलं.

आत गेले तर तेच दोघं. मी तुझी आई हे त्यांना ठाऊक नव्हतं. मॅडमनी विचारलं, ताई, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता. म्हटलं, पाच वर्षांनी माझे गुडघे मला कुठं ठेवतात ते बघू. त्या हसल्या. मग म्हणाल्या, तुमच्यातली एखादी कमतरता सांगा. म्हटलं, मला थांबायला आवडत नाही आणि तुम्ही पाऊण तास थांबवलंत. साहेब हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा मोठा पडदा लावला आणि म्हणाले, मावशी, हा तुमच्याच भागाचा नकाशा आहे, यातलं काही ओळखता येतं का बघा.

तेजू, मी ओळखलं. गल्ल्या ओळखायच्या आधी मी टिंबं ओळखली. लिंबाखालचा. गिरणीचा. मडिवाळप्पाच्या दारातला. खाली कोपऱ्यात जिथं तू तुझं नाव घातलं होतंस, तिथं कंपनीचं नाव होतं. तुला बाहेर काढलं आणि तुझा नकाशा आत ठेवला.

मी म्हटलं, हा माझ्या पोरीचा नकाशा हाय. साहेबांची कानशिलं लाल झाली. माणूस वाईट नाही, पण शरमेलासुद्धा कारण सांगायची सवय आहे त्याला. म्हणाले, हा उमेदवाराचा नमुना होता, त्यातलं एक टिंब खोटं निघालं, म्हणून आम्ही सगळी पुन्हा तपासायला घेतली. किती बरोबर निघाली, मी विचारलं. त्यांनी कागद बघितला. अठ्ठ्याहत्तर बरोबर, तीन चुकीची. म्हटलं, मग अठ्ठ्याहत्तर बरोबर निघाली हे सांगायला तिला फोन केलात का. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. पुन्हा म्हणाले, तीन तिनं मनानं टाकली आहेत, मावशी, ते काही बरोबर नाही.

तेव्हा मी बोलले. असं काही बोलायचं ठरवून मी गेले नव्हते. "ते तीन तिनं चुकवले न्हाईत, साहेब. मी चुकवले. तिनं मला इचारलं आणि मी तिला खोटी जागा दाखवली."

हे वाक्य तू परत वाच. पत्र बाजूला ठेवायचं असेल तर ठेव, घोटभर पाणी पी आणि मग पुढचं वाच.

तुला आठवत असेल, तू आठवीत होतीस, आबासाहेब गाडी घेऊन आपल्या दारात आला होता आणि तुझे अप्पा जेवत होते. भाकरी संपेपर्यंत त्यांनी त्याला उभं ठेवलं. तुला एवढंच आठवतं आणि तू ते मैत्रिणींना कौतुकानं सांगायचीस. का आला होता ते तुला कुणी सांगितलं नाही. त्याच्या नऊ दिवस आधी त्यानं अप्पांना काढून आपल्या मेहुण्याला चावी दिली होती. अप्पांनी निमूटपणे मेहुण्याला सगळे व्हॉल्व्ह दाखवले. तीन सोडून. पाण्याच्या दोन पाळ्या गेल्या आणि शेवटच्या चार गल्ल्यांत थेंब आला नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन ऑफिसात जाऊन बसल्या. मेहुणा सगळे व्हॉल्व्ह डावे-उजवे फिरवून दमला. नवव्या दिवशी ठेकेदार स्वतः दारात, चावी परत द्यायला.

प्रत्येक चावीवाल्याकडं असे दोन-चार असतात. ठेवणीतले म्हणतात त्यांना. ते कुठल्या कागदावर नसतात. बायकोला सांगायचे तर अंथरुण धरल्यावर, आणि पोराला सांगायचे तर त्याच्या हातात चावी आल्यावर. संगप्पा म्हणून एक म्हातारा चावीवाला होता, तो आपले चार बरोबर घेऊन गेला, त्याच्या भागात चार महिने रस्ते फोडत होते. आपल्याला महिन्याच्या महिन्याला ठेका, आज आहे उद्या नाही, कुठं सही नाही, कुठं नाव नाही. जमिनीखालचं तेवढंच आपलं. याला तू लबाडी म्हण, मी म्हणू देईन, पण मान खाली घालणार नाही. त्या तीन व्हॉल्व्हांनी तुला एम.एस्सी. केलं.

आणि तू लई शहाणी. मी ते तीन गाळूनच पुढं निघाले असते. पण तू कोपऱ्यावर थांबलीस, पुढच्या गल्ल्यांकडं बघितलंस, वहीत रेघ ओढलीस आणि म्हणालीस, आई, लाइन जर इकडं वळते तर इथं कुठंतरी व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. कुणी न सांगता. अप्पांना हे कळायला दोन वर्षं लागली होती. माझी छाती भरून आली आणि त्याच वेळेला पुढचं सगळं डोळ्यासमोर आलं. नकाशा कंपनीकडं जाणार, कंपनीकडून ठेकेदाराकडं, मग माझी चावी जाणार. मी हे एवढं सगळं विचार करून केलं असंही नाही, हातच आपला आपण वळला. चावीचं टोक दोन गल्ल्या अलीकडं टेकवलं आणि म्हटलं, हितं हाय. असं तीनदा. तू तीनदा श्वास रोखून टिंब टाकलंस.

व्हॉल्व्ह लपवले याची मी माफी मागत नाही. मोबाईल हालला असंल म्हणाले, त्याची मागते. तू उन्हात उभी होतीस आणि मी तांदूळ निवडत बसले, त्याचीही मागते. तुझा मोबाईल हलला नव्हता, तेजू. एकदाही नाही. मी जितं सांगितलं तितंच तू टिंब टाकलंस, केसाचा फरक नाही. साहेबांच्या कागदावर अठ्ठ्याहत्तर वेळा तेच लिहिलेलं आहे.

तर साहेब. माझं बोलणं ऐकून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, मावशी, मग खरे कुठं आहेत ते दाखवाल का. आणि समोर कागद सरकवला. येत्या आठवड्यापासून कामावर या, ऊन लागू नये म्हणून टोपी, बूट, विम्याचं कार्ड, महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून यायचं होतं कागदावर. मला मोह झाला. का होऊ नये. मी त्याचसाठी तर गेले होते. माझा हात पेनापर्यंत गेला, हे तुला खरं सांगते.

मी म्हटलं, आधी नकाशाच्या खाली तिचं नाव लावा. ते म्हणाले, त्याची एक प्रोसेस असते. मी म्हटलं, मग व्हॉल्व्ह कुठंत ते तिला बोलवून तिलाच इचारा, मी कुणाला सांगायची न्हाय. उठले, जिना उतरले, वॉचमनकडनं चावी घेतली. वैदेही मॅडम मागोमाग खाली आल्या. उन्हात उभ्या राहून त्यांनी माझा नंबर लिहून घेतला. म्हणाल्या, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. म्हटलं, मीपण. त्यांचा मला फोन गुरुवारी आला. सोळा तारीख. नकाशाखाली तुझं नाव पुन्हा घातलं आहे, असंही म्हणाल्या. ते तू स्वतः बघून खात्री कर, माझ्या वाचण्यावर जाऊ नकोस.

इथं ही बातमी पसरायला एक दिवस लागला. मडिवाळप्पा आला. अप्पांचा जोडीदार, तोही चावीवाला, वीस वर्षं एका डब्यात जेवलेला. चहा केला, त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "वैनी, तुमी तुमचं दार उघडलं. आता समद्यांच्या घरात शिरतील की ते." मी म्हटलं, माझे तीन मी देणार, तुझे दोन तुझ्याजवळ, तुझ्या दोनांविषयी मी कुणाला चकार शब्द सांगायची नाही. तो म्हणाला, आता ते विचारणारच, त्यांना कळलं असे असतात म्हणून. त्याचं बरोबर आहे. तो गेला तेव्हा चहावर साय धरली होती. हे तुझ्या नोकरीच्या दुसऱ्या पारड्यात आहे, तुला ठाऊक असलेलं बरं. आबासाहेबाचाही निरोप आला, एप्रिलपासून चावी दुसऱ्याकडं. माझ्या तोंडावर सांगायला तो स्वतः आला नाही, पोऱ्या पाठवला नाही, नुसता मेसेज. मी उत्तर टाकलं, बरं. हात शाबूत आहेत माझे, लोखंड नाही तर दुसरं काही फिरवीन. कंपनीचा तो कागद अजून माझ्यासाठी ठेवलाय म्हणतात. तुझं काय ते ठरल्यावर मी त्याच्याकडं बघेन. त्याआधी नाही.

माझ्यावर उपकार म्हणून सोळा तारखेला येऊ नकोस. राग असेल तर रागानं ये, मला चालेल, घरी न येता परस्पर मुलाखत देऊन परत गेलीस तरी चालेल. पत्ते टाइप करायला तुला आवडत असेल तर तितंच राहा, मी एका शब्दानं बोलणार नाही. बोलेन, पण ऐकू नकोस. फक्त, हात स्थिर नाही म्हणून आले नाही, असं मला सांगू नकोस. ते खोटं आहे आणि ते खोटं मी सुरू केलेलं आहे.

आता हे पत्र कशासाठी. मुलाखतीची तारीख मॅडम कळवतीलच, माफी मी दारात उभी राहूनही मागितली असती. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही, आपल्या भिंती पातळ आहेत, आणि मेसेज कुणाकुणाच्या मोबाईलात फिरतो ते मला कळत नाही. म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवते, वाचून झालं की जाळ. पहिला, जितं तुमी खणलं तितनं दोन गल्ल्या पुढं, बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानासमोर, पायरीपासून तिसऱ्या फरशीखाली, वीतभर खोल. दुसरा, विहाराच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून बोरिंगकडं नऊ पावलं, माझी पावलं, तुझी आठ होतील; चेंबर मातीनं भरलंय पण झाकण शाबूत आहे. तिसरा अप्पांनी मलासुद्धा सांगितला नव्हता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी दोनच सांगितले आणि डोळे मिटून घेतले. ते गेल्यावर पहिल्याच पाळीला शेवटची गल्ली कोरडी राहिली तेव्हा मला कळलं की एक त्यांनी माझ्यापासूनही ठेवला. पाण्याच्या तीन पाळ्या मी चावीचं टोक रस्त्याला आणि मूठ कानाला लावून हिंडले, पाण्याची गुणगुण ऐकत. रेशन दुकानाच्या उताराखाली सापडला, सिमेंटच्या आत, डाव्या अंगाला. तो माझा आहे, माझ्या कानानं शोधलेला. मुलाखतीत पहिले दोन सांग. तिसरा, नेमणुकीचं पत्र सही-शिक्क्यासकट तुझ्या हातात पडेपर्यंत सांगू नकोस, ते कितीही मऊ बोलले तरी. माझ्याजवळ आता एकही उरलेला नाही.

तुझीच, जशी आहे तशी,
आई